ड्रमचं रेकॉर्डिंग : ७ माइकचा बॉक्स की २ चांगले माइक?

घरात कुणी ड्रम वाजवायला लागलं की पहिलं वर्ष शेजाऱ्यांची समजूत घालण्यात जातं. दुसऱ्या वर्षी कान सरावतात. तिसऱ्या वर्षी मुलगा किंवा मुलगी सांगते, ‘‘मला रेकॉर्डिंग करायचंय, माइक हवेत.’’ आणि इथून पुढे घराच्या बजेटची खरी परीक्षा सुरू होते.

तुमच्याही घरात हा विषय निघाला असेल तर कार्टमध्ये काहीही टाकण्यापूर्वी हा लेख वाचा. कारण आमच्या घरी आम्ही आधी पैसे खर्च केले आणि मग माहिती घेतली.

आम्ही इंदूरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझा धाकटा भाऊ ११ वर्षांचा असल्यापासून ड्रम शिकतोय. मागच्या वर्षी त्याला ग्रेडची परीक्षा व्हिडिओ पाठवून द्यायची होती. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तर भांडी घासायच्या ठिकाणी भूकंप झाल्यासारखं वाटत होतं. बाबांनी बोनसमधले पैसे काढून दिले आणि आम्ही ऑनलाइन ७ माइकचा एक स्वस्त संच मागवला. बॉक्स सुंदर होता, आत फोमच्या खाचेत प्रत्येक माइक दागिन्यासारखा बसवलेला. मग लक्षात आलं की सोबत केबल नाहीत, स्टँड नाहीत आणि घरात असलेल्या ऑडिओ इंटरफेसला माइक लावायच्या जागा आहेत फक्त २. म्हणजे ७ पैकी ५ माइक पहिल्याच दिवशी निरुपयोगी. बॉक्स उघडल्यामुळे परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता आणि व्हिडिओ पाठवायला ६ दिवस उरले होते. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना आईला म्हणाले, ‘‘हा छंद आपल्याला झेपणारा नाही बहुतेक.’’ भावाने ते ऐकलं. त्यानंतर २ दिवस त्याने काठ्यांना हात लावला नाही.

शेवटी त्याचे ड्रमचे सर घरी आले. त्यांनी ५ माइक परत बॉक्समध्ये ठेवायला लावले. पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी त्यांच्याकडून आणि नंतरच्या वर्षभरात जे शिकले, ते तुमच्यासाठी.

ड्रम म्हणजे एक वाद्य नव्हे

गाणं म्हणायला एक माइक पुरतो, कारण आवाज एकाच ठिकाणाहून येतो. ड्रम किट म्हणजे अनेक वाद्यांचं कुटुंब. पायाने वाजणारा किक ड्रम सगळ्यात खालचा, पोटात जाणवणारा आवाज देतो. मांडीजवळचा स्नेअर कडक आणि टोकदार. टॉम घुमणारे. हाय-हॅट आणि सिम्बल म्हणजे धातूच्या झांजा, त्यांचा आवाज सगळ्यात तीक्ष्ण. शिवाय हे सगळं मोठ्याने वाजतं. बंद खोलीत ड्रमचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो.

मोबाइल इथेच हरतो. त्याचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की फोन आपोआप पातळी खाली दाबतो आणि आवाज थांबला की पुन्हा वर उचलतो. त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. भाऊ वाईट वाजवत नव्हता, फोन त्याला नीट ऐकत नव्हता.

२ जाती ओळखा

दुकानात शेकडो माइक दिसले तरी आपल्या कामाच्या जाती २ आहेत.

डायनॅमिक माइक : दणकट आणि मोठा आवाज सहन करणारा. त्याला वेगळी वीज लागत नाही. किक, स्नेअर आणि टॉमच्या अगदी जवळ लावायला हाच योग्य. शुअर कंपनीचा एसएम५७ हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. १९६५ साली बाजारात आलेला हा माइक आजही जगभरच्या स्टुडिओंमध्ये स्नेअरवर लावलेला दिसतो. तो काही फार महागड्या माइकमध्ये मोडत नाही आणि नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो.

कंडेन्सर माइक : जास्त संवेदनशील. सिम्बलची चमक आणि पूर्ण किटचं चित्र हाच चांगलं टिपतो. म्हणून तो किटच्या वर टांगतात आणि त्याला ओव्हरहेड म्हणतात. त्याला चालायला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती इंटरफेसमधून मिळते, त्यावर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण असतं. बटण नसेल तर बहुतेक कंडेन्सर माइक मुका राहील.

कंडेन्सर घेताना एक आकडा जरूर बघा, तो कमाल किती डेसिबल आवाज सहन करतो हा. ड्रमसाठी १३०च्या वर असेल तर निर्धास्त राहा. ऑडिओ टेक्निकाचा एटी२०२० हा कमी बजेटमधला लोकप्रिय माइक १४४ डेसिबलपर्यंत सहन करतो. हा आकडा वेबसाइटवर दिलेलाच नसेल तर तो माइक ड्रमसाठी घेऊ नका.

आधी इंटरफेस मोजा, मग माइक

आमची चूक इथे झाली. माइक थेट लॅपटॉपला लागत नाही, मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची लहान पेटी लागते. तिच्यावर माइकच्या ३ पिनांच्या केबलसाठी जितक्या जागा, तितकेच माइक एका वेळी वेगवेगळे रेकॉर्ड होतात. बाजारात २, ४ आणि ८ जागांचे इंटरफेस मिळतात आणि जागा वाढल्या की किंमतही वाढते. घेताना हेही विचारा की त्या सगळ्या जागा माइकच्या आहेत ना. ‘४ इनपुट’ लिहिलेल्या काही पेट्यांना माइक फक्त २ लागतात, उरलेल्या २ जागा कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी असतात.

यूएसबी माइक स्वस्त आणि सोपा वाटतो. तो बोलण्यासाठी ठीक आहे. पण २ यूएसबी माइक एकाच वेळी एका लॅपटॉपवर नीट जुळवून चालवणं डोकेदुखीचं काम आहे. पुढे माइक वाढवायचे असतील तर सुरुवातीपासून ३ पिनांचाच माइक घ्या.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च कराल?

एकदम सगळं घेऊ नका. पायरी पायरीने घ्या. प्रत्येक पायरीवर घेतलेली वस्तू पुढच्या पायरीवरही वापरात राहते, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

पहिली पायरी, १ माइक : २ जागांचा इंटरफेस आणि १ कंडेन्सर. माइक स्नेअरच्या मध्यापासून साधारण ८० सेंटिमीटर वर, स्नेअरकडे तोंड करून लावा. मोजायला टेपही नको. ड्रमची एक काठी सुमारे ४० सेंटिमीटरची असते, म्हणजे २ काठ्या एकापुढे एक धरल्या की झालं. सिम्बल फार टोचत असतील तर माइक थोडा वादकाच्या उजव्या खांद्यामागे सरकवा.

दुसरी पायरी, २ माइक : त्याच इंटरफेसवर किकसाठी डायनॅमिक माइक जोडा. किकसाठी खास बनवलेला माइक घ्या, कारण त्याला खालचे सूर पकडता येतात. एकेजीचा डी११२ आणि शुअरचा बीटा ५२ ही मोठी नावं, पण शुअरचा पीजीए५२ सारखे त्याच कामाचे स्वस्त माइकही मिळतात. किकच्या पुढच्या कातड्याला भोक असेल तर माइक त्याच्या तोंडाशी किंवा थोडा आत ठेवा. घरातल्या सरावासाठी, परीक्षेच्या व्हिडिओसाठी किंवा यूट्यूबसाठी बहुतेकांना इतकं पुरतं.

तिसरी पायरी, ४ माइक : आता ४ माइकच्या जागांचा इंटरफेस, दुसरा ओव्हरहेड आणि स्नेअरसाठी एसएम५७ सारखा माइक. स्नेअरचा माइक कडेपासून ३ ते ५ सेंटिमीटर वर, मध्याकडे बघत ठेवा आणि त्याची पाठ हाय-हॅटकडे करा. असे माइक पाठीमागचा आवाज कमी घेतात, त्यामुळे हाय-हॅट स्नेअरच्या माइकमध्ये कमी घुसतो.

चौथी पायरी, ७ किंवा ८ माइक : प्रत्येक टॉमला वेगळा माइक. याची गरज बँडचा अल्बम करताना किंवा स्टेजवर पडते. शाळा, चर्च, क्लब अशा ठिकाणी ८ जागांचा मिक्सर आधीच असेल तर बॉक्सवाला संच घेणं सोयीचं ठरतं. घरी मात्र आधी वरच्या ३ पायऱ्या चढा.

बॉक्सवाल्या संचात नेमकं काय खटकतं?

सगळे संच वाईट नसतात. पण जेवढ्या पैशात २ बरे माइक येतात, तेवढ्याच पैशात ७ बसवायचे तर कुठेतरी काटकसर होणारच. ती बहुतेकदा ओव्हरहेड कंडेन्सरमध्ये होते आणि ड्रमच्या रेकॉर्डिंगचा निम्म्याहून जास्त आवाज तर तिथूनच येतो. स्वस्त कंडेन्सरमध्ये सिम्बल काचेवर नख ओढल्यासारखे कर्कश वाटतात. शिवाय ७ माइकना ७ केबल लागतात आणि स्टँड किंवा क्लिपही. तो खर्च बॉक्सवरच्या किमतीत धरलेला नसतो.

संच घ्यायचाच असेल तर विक्रेत्याला ३ प्रश्न विचारा. ओव्हरहेड सुटे घेतले तर कितीला पडतात? क्लिप धातूच्या आहेत की प्लॅस्टिकच्या? आणि एखादा माइक बिघडला तर तो एकटा बदलून मिळेल का?

दोरी आणि १ मिलिसेकंद

२ ओव्हरहेड लावाल तेव्हा एक गोष्ट पाळा. दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर सारखं ठेवा.

कारण सोपं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद लागतो. एक माइक ३४ सेंटिमीटर लांब राहिला तर स्नेअरचा तोच ठोका त्याच्यात १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र वाजवली की काही सूर एकमेकांना खोडतात आणि स्नेअर पोकळ, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. मग लोक माइकला दोष देतात आणि महागडा माइक शोधायला लागतात.

यावर उपाय एका दोरीचा. दोरीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा आणि दुसरा माइक त्याच गाठीवर आणा. हे काम घरातला कुणीही करू शकतो.

ब्रिटिश रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच तत्त्वावर आहे. एक माइक किटच्या वर, दुसरा जमिनीवरच्या टॉमच्या बाजूला, टॉमच्या उंचीहून थोडा वर आणि स्नेअरकडे बघणारा. दोघांचं स्नेअरपासून अंतर सारखं. सोबत किकला एक माइक. रॉक संगीतातले कितीतरी गाजलेले ड्रम अशा मोजक्या माइकवर रेकॉर्ड झालेत. लेड झेपलिनच्या १९७१च्या अल्बममधल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातले प्रचंड घुमणारे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात वाजवले गेले आणि वर जिन्यात टांगलेल्या फक्त २ माइकनी टिपले. ते माइक स्वस्त नव्हते हे खरं, पण २च होते. बाकीचं काम त्या जिन्याने आणि जॉन बोनॅमच्या हातांनी केलं.

तुमची खोली फुकटचा माइक आहे

आपल्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, समोर रंगवलेली कोरी भिंत आणि वर स्लॅब. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागून ‘टर्रर्र’ असा उडता आवाज आला तर तो प्रत्येक ठोक्याला रेकॉर्डिंगमध्ये येणार. कितीही महागडा माइक आणलात तरी येणार.

म्हणून माइकआधी घरातल्या वस्तू कामाला लावा :

- किटखाली जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा. किटही घसरत नाही.

- कोऱ्या भिंतीसमोर गादी उभी करा किंवा दोरीवर गोधड्या, रजया टांगा. भिंतीपासून थोडं अंतर सोडलंत तर परिणाम अधिक चांगला.

- पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि कापडी सोफा खोलीत असू द्या.

- अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्याने फारसं काही होत नाही, धूळ मात्र साचते.

- रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा आणि एसी बंद ठेवा. ओव्हरहेडचा स्टँड पंख्याच्या पात्यांच्या टप्प्यात येणार नाही हे आधी बघा आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा, म्हणजे कुणी सवयीने चालू करणार नाही.

हे लक्षात ठेवा की गोधड्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, शेजारी जाणारा आवाज थांबत नाही. आपल्याकडच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रेकॉर्डिंगची वेळ दुपारची ठरवा आणि वरच्या-खालच्या घरी आदल्या दिवशी सांगून या. आमच्या खालच्या काकू त्या वेळेत आता भाजी आणायला जातात.

जुनं कातडं, ढिले स्क्रू

ड्रमची कातडी २-३ वर्षं बदलली नसेल, मध्ये खड्डा पडला असेल, तर चांगला माइक तो खड्डाच स्पष्ट ऐकवेल. स्नेअरचं वाजवायचं कातडं बदलणं हा माइकपेक्षा बराच कमी खर्च आहे आणि फरक लगेच कळतो. कडेचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने कसा. स्नेअर फार किणकिणत असेल तर कडेला टिश्यू पेपरची घडी चिकटपट्टीने लावा. किक फार घुमत असेल तर आत एक जुनी उशी ठेवा.

खरेदी करताना फसू नका

- एसएम५७ आणि एसएम५८ यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. किंमत अविश्वसनीय कमी असेल तर विश्वास ठेवूच नका. अस्सल एसएम५७चं वजन २८४ ग्रॅम असतं. स्वयंपाकघरातला काटा इथे कामी येतो. पण नकलाही हुशार झाल्यात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्या.

- सेकंडहँड घ्यायचा तर डायनॅमिक घ्या. तो दणकट असतो. कंडेन्सर मात्र समोर लावून, ऐकूनच घ्या.

- बजेट ठरवताना स्टँड आणि केबलसाठी आधीच पैसे बाजूला काढा. हलका स्टँड कंडेन्सरच्या वजनाने वाकतो आणि माइक थेट सिम्बलवर पडतो.

- पावसाळ्यात कंडेन्सर माइक डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

- सॉफ्टवेअरवर खर्च नको. ऑडासिटी मोफत आहे, अॅपलवाल्यांकडे गॅरेजबँड असतोच.

रेकॉर्ड करताना आधी सगळ्यात जोरात वाजवायला सांगा आणि तेव्हाही आवाजाची पट्टी लाल होणार नाही इतकी पातळी ठेवा. मुलाच्या कानात संरक्षक प्लग किंवा बंद हेडफोन हवेतच. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलच्या आवाजात संरक्षणाशिवाय दिवसाला जेमतेम १५ मिनिटं सुरक्षित मानली जातात. माइक नंतर घेतला तरी चालेल, इअर प्लग आजच घ्या.

व्हिडिओ परीक्षेसाठी असेल तर संस्थेचे नियम आधी वाचा. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या दोन्हींकडे व्हिडिओने परीक्षा देण्याची सोय आहे. पण कॅमेरा कुठे हवा, सोबतचा ट्रॅक ऐकू यायला हवा का, आवाज नंतर सुधारायची परवानगी आहे का, हे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं.

आमच्या घरी पुढे काय झालं?

सरांनी बॉक्समधून किकचा माइक आणि १ कंडेन्सर एवढेच बाहेर काढले. आईच्या २ गोधड्या आणि पाहुण्यांची गादी भिंतीला लागली. जुन्या स्नेअरवर नवं कातडं चढलं. कंडेन्सर खरंच थोडा कर्कश होता, म्हणून सरांनी तो सिम्बलपासून दूर, खांद्यामागे सरकवला. काठ्यांनी अंतर मोजायचं काम बाबांकडे आलं. त्यांनी एकदा मोजलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

चौथ्या टेकला भावाने ‘झालं’ अशी मान हलवली. बाबांनी हेडफोन कानाला लावून पूर्ण ३ मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, ‘‘पायाने वाजवतोस तो हाच का आवाज? इतकी वर्षं मला तो ऐकूच आला नव्हता.’’

व्हिडिओ वेळेत गेला. उरलेले ५ माइक अजून कपाटावर आहेत. पुढच्या पायरीसाठी भाऊ शिकवणीतून पैसे साठवतोय. त्याला एक चांगला ओव्हरहेड घ्यायचाय आणि या वेळी तो विकत घेण्याआधी ऐकायला बाबा त्याच्याबरोबर दुकानात जाणार आहेत.

तुमच्या घरी हा विषय निघाला असेल तर या रविवारी एवढंच करा. मुलाला सोबत घेऊन खोलीत टाळी वाजवा, ड्रमची कातडी तपासा, इंटरफेस असेल तर त्याच्या जागा मोजा. मग कागदावर लिहा की रेकॉर्डिंग नेमकं कशासाठी हवंय. त्या कागदावर बहुतेक वेळा ७ नाही, २ माइकच निघतील.